अटन आणि ओझे



आचारप्रकरणात साधकासाठी जे विधी निरूपिले आहेत, त्यांत नित्य अटन हा एक प्रमुख विधी होय. एका ठिकाणी रुळू नये, एकांती वृक्षाच्या आश्रयास असावे, भिक्षान्नावर देह पोसावा आणि अखंड स्मरण करावे, असा त्या विधीचा आशय आहे. अटन का करावे, याचा विचार आपल्या पंथात पुष्कळ झाला आहे. अटनास निघताना बरोबर काय घ्यावे, हा प्रश्न मात्र किरकोळ समजून बाजूस ठेवला जातो. वास्तविक तो किरकोळ नाही. ज्या आसक्तीतून सुटण्यासाठी पाय उचलावयाचे, तीच गाठोड्यात बांधून घेतली तर पाय चालतात आणि जीव जेथल्या तेथे राहतो.

या बाबतीत प्रथम लीळेकडे पाहू. भरवसच्या प्रधानपुत्राच्या, म्हणजे हरिपाळदेवाच्या रूपाने असताना प्रभूंनी रामयात्रेचे निमित्त करून रामटेकच्या दिशेने प्रयाण केले. प्रधानाचा पुत्र यात्रेस निघणार, तेव्हा वडिलांनी मोठा लवाजमा बरोबर दिला. प्रभूंनी तो वाटेत टप्प्याटप्प्याने परत पाठविला. शेवटी जे थोडे उरले होते, त्यांनाही मागे ठेवून ते एकटेच पायी निघाले आणि ऋद्धिपुरास पोहोचले. तेथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली व शेंगुळ्याचा प्रसाद प्राप्त झाला. पुढे एकांकात सालबर्डीच्या डोंगरातील एकांत आणि दूरदूरचा संचार, हे सर्व याच निष्परिग्रह स्थितीत घडले.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, स्वतः परमेश्वरावतारास लवाजमा बाधक होईल, हे संभवत नाही. लवाजम्यासह ते ऋद्धिपुरास गेले असते तरी त्यांच्या ठायी काही उणे झाले नसते. तरीही त्यांनी तो टाकला, आणि एकदम न टाकता क्रमाने टाकला. ही लीळा जीवांना वळण लावण्यासाठी आहे. प्रथम जे नसले तरी कोणाचेच अडत नाही ते सोडावे. मग जे केवळ मानासाठी बाळगले ते सोडावे. शेवटी जे भयापोटी जवळ ठेवले ते सोडावे. हा तिसरा टप्पा सर्वांत कठीण होय. कारण आपल्या गाठोड्यातील बहुतेक वस्तू गरजेच्या नसतात, त्या भीतीच्या असतात. पाऊस आला तर, थंडी पडली तर, अन्न मिळाले नाही तर, कोणी ओळखले नाही तर, अशा एकेका ‘तर’ला एकेक वस्तू जोडलेली असते.

आता एक दृष्टांत पाहा. दोन वाटसरू गंगा उतरून पलीकडच्या गावी निघाले होते. उताराला पाणी गुडघ्याएवढे, म्हणून दोघेही पात्रात शिरले. एकाच्या खांद्यावर नुसती झोळी होती. दुसऱ्याच्या डोक्यावर मोठे गाठोडे होते आणि ते त्याने दोन्ही हातांनी धरले होते. मध्यावर पाणी वाढू लागले. काठावरचा कोळी धावत आला आणि त्याने दोघांपुढेही हात केला. पहिल्याने तो हात धरला व पार झाला. दुसऱ्याला कोळी दिसत होता, त्याचा हातही दिसत होता; पण हात धरावा तर गाठोडे सुटणार. तो म्हणाला, ‘बाबा, आधी गाठोडे घे, मग मी येतो.’ कोळी म्हणाला, ‘मी माणसे उतरवितो.’

याचे दार्ष्टांतिक असे. गंगा म्हणजे संसार, कोळी म्हणजे कृपाळू परमेश्वर. तो हात पुढे करतो, आणि त्या हातात न्यून काहीच नाही. परंतु जीवाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. अनादि अविद्येचे ओझे जीव आपल्या बळाने टाकू शकत नाही, ते देवच निरसतो. पण हाती धरलेले गाठोडे सोडणे एवढे साधकाकडे आहे, आणि त्यासाठीच विधी सांगितले आहेत.

स्वदेश, स्वग्राम आणि नातलग यांच्या संबंधाचा त्याग करावा, ही आज्ञा सर्वांस परिचित आहे. ही तीन गाठोडी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ती टाकली की नाहीत हे दुसऱ्यास कळत नाही. एखादा साधक एका वस्त्रावर निघतो. पण मुक्कामी बसल्यावर आपल्या गावचे पीकपाणी, भावाचे खटले आणि पूर्वाश्रमीचा मान यांच्याच गोष्टी सांगतो. त्याची झोळी रिकामी असली तरी तो भारवाहकच होय.

येथे शंका निर्माण होते की, वृद्ध व आजारी जनांनी औषध, पांघरूण, काठी यांचाही त्याग करावा काय? समाधान असे की, तसे नव्हे. ज्याच्यायोगे देह साधनास उपयोगी राहतो ते ओझे नव्हे. नित्यपाठाची पोथी, प्रसादाचे विशेष, भिक्षेची झोळी, अंगावरचे वस्त्र आणि देहधर्मापुरते औषध, हे साधन होय. वस्तू साधन आहे की परिग्रह, हे तिच्या वजनावरून ठरत नाही. ती हरवली असता स्मरण मोडते काय, यावरून ठरते.

दुसरी शंका उलट बाजूची आहे. कोणी म्हणेल, ‘मी काहीच घेत नाही, जेथे जाईन तेथे सर्व मिळते.’ हेही तपासून पाहावे. मुक्कामास पोहोचताच ज्याला यजमानाकडून अंथरूण हवे, ताट हवे, ऊन पाणी हवे, त्याने आपले ओझे टाकलेले नाही. ते दुसऱ्याच्या माथ्यावर ठेवले आहे. भिक्षेचा विधी याहून निराळा आहे. अनेक घरी थोडे थोडे मागावे, निवड करू नये, साठवू नये. त्यामुळे कोणत्याही एका घरास भिक्षुकाचा भार होत नाही. आणि आपल्या हलकेपणाचा अभिमान धरून जो दुसऱ्याच्या गाठोड्याकडे हिणवून पाहतो, त्याने तर एक नवेच ओझे उचलले.

वासनिक जनांनीही हा विचार आपल्या परीने करावा. आज ऋद्धिपूर, डोमेग्राम, माहूर, पांचाळेश्वर, फलटण येथील यात्रा बहुधा मोटारीने घडतात. गाडीत जागा आहे म्हणून सामान वाढते. वळकट्या, भांडी, फराळाचे डबे, नव्या वस्त्रांच्या पेट्या. ऋद्धिपुरास स्थाने गावभर विखुरलेली आहेत. एकेका ओट्यावर माथा टेकीत चालावे लागते. ज्याची पेटी उतरण्याच्या ठिकाणी उघडी राहिली, त्याचा माथा स्थानावर टेकतो आणि मन पेटीजवळ बसते. इतक्या लांब येऊन स्थानाचे दर्शन झाले, पण संबंध घडला नाही, अशी ही हानी आहे.

मग बरोबर न्यावे ते काय? आपल्या पूर्वजांनी त्याचे उत्तर आचरून दाखविले. म्हाइंभटांनी लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, शोधून, पारखून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. परंतु ज्यांच्या मुखी लीळा होत्या त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी राहिली; हिराइसेचा पाठ त्यांतलाच. पोथी बांधलेले वेष्टन वाटेत जाऊ शकते, मुखोद्गत लीळा कोणी लुटू शकत नाही. याचा अर्थ पोथीची हेळसांड करावी असा नव्हे. जी पोथी केवळ बासनात राहते ती ओझे होते आणि जी मुखी येते ती शिदोरी होते, एवढाच.

नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा, असे स्मरणाचे चार प्रकार आहेत. या चारींस जागा लागत नाही, राखण लागत नाही, वाटेत त्या सरत नाहीत.

म्हणून यात्रेस वा अटनास निघण्याच्या आदल्या दिवशी साधकाने आपल्या वस्तू समोर मांडाव्यात आणि एकेकीस विचारावे: तू देहासाठी आहेस, मानासाठी आहेस, की भयासाठी? पहिलीस झोळीत घालावे. दुसरीस घरी ठेवावे. तिसरी सोडवत नसेल तर या खेपेस असू द्यावी, पण परतल्यावर ती वाटेत खरोखर लागली काय ते आठवावे. पुढच्या यात्रेस ती आपोआप मागे राहील. लवाजमादेखील टप्प्याटप्प्यानेच परत गेला होता.

ज्या दिवशी अटन संपेल त्या दिवशी हे शरीरही येथेच ठेवून निघावयाचे आहे. तो प्रवास ठरलेला आहे, त्याची तिथी मात्र कळविलेली नाही. त्याचा अभ्यास करण्याची संधी प्रत्येक लहानशा प्रवासात मिळते. ती साधकांनी व वासनिकांनी दवडू नये, हीच विनंती.