इंफाळला जाण्याआधी

महाराष्ट्रातून मणिपूरला जाणाऱ्यांच्या यादीत लोकताक तलाव आणि मोइरांग ही दोन नावं बहुतेक वेळा असतात. मोइरांग अर्थातच नेताजींमुळे. १४ एप्रिल १९४४ला आझाद हिंद सेनेच्या कर्नल शौकत मलिक यांनी तिथे तिरंगा फडकवला. आता तिथे सेनेचं संग्रहालय आहे. ते पाहताना ऊर भरून येतो, माझाही आला.

पण मी निघण्याआधी संगशाकबद्दल वाचलं होतं, आणि ते मनातून जात नव्हतं. उखरुलच्या डोंगरात तांगखुल नागांचं हे गाव. मोइरांगला झेंडा फडकला त्याच्या तीनच आठवडे आधी, मार्च १९४४मध्ये, इथे ५० व्या पॅराशूट ब्रिगेडनं कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेला अडवून धरलं. त्या ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. टेकडीवर पाण्याची सोय नव्हती. दोन-तीन फूट खणलं की खडक लागायचा, त्यामुळे धड खंदकही होईनात. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्याच हाती पडली. टेकडीच्या माथ्यावरच्या चर्चसाठी तर हातघाईची लढाई झाली. २६ मार्चच्या रात्री उरलेले सैनिक जंगलातून मागे हटले, पण तोवर कोहिमाला तयारीसाठी मोलाचे दिवस मिळाले होते.

म्हणजे मणिपूरच्या मातीवर एकाच वेळी आपली माणसं दोन्ही बाजूंनी लढत होती: आझाद हिंद सेना जपान्यांच्या बाजूनं, मराठा पलटण ब्रिटिशांच्या. कोण खरा देशभक्त, हा प्रश्न घरी बसून सोपा वाटतो. संगशाकच्या जवानाच्या घरी मनीऑर्डर जात होती, गावी शेत होतं, पलटणीची इज्जत होती. मोइरांगच्या जवानासमोर स्वातंत्र्य होतं. मला या दोघांपैकी एकालाच आपला म्हणता येत नाही, आणि म्हणता यावं असंही वाटत नाही.

इंफाळच्या दक्षिणेला, तिद्दिम रस्त्यावर, रेड हिलच्या पायथ्याशी २०१९पासून इंफाळ शांतता संग्रहालय आहे. जपानच्या निप्पॉन फाउंडेशनची त्याला मदत झाली. स्थानिक हौशी संशोधकांनी वर्षानुवर्षं रणभूमीतून शोधून काढलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत: गंजलेली हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, तोफगोळ्यांची कवचं. मला तिथलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की गोष्ट सेनापतींवर संपत नाही. मणिपुरी माणसं या युद्धाला ‘जपान लान’ म्हणतात, म्हणजे जपानचं युद्ध. ते त्यांच्या शेतांत, घरांत घुसलं होतं. त्यांनी ते मागवलं नव्हतं. युद्धानंतरच्या मणिपूरलाही या संग्रहालयात जागा आहे. ती दालनं घाईनं ओलांडू नयेत.

आणि एक नेमकी गोष्ट. शहरातल्या युद्धस्मशानभूमीत थडग्यांवर मराठी नावं शोधत फिरलात तर निराश व्हाल. हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला गेला, त्यांना थडगी नाहीत. त्यांची नावं भारतीय सैन्याच्या वेगळ्या स्मशानभूमीतल्या दहनस्मारकावर कोरलेली आहेत. कोहिमातही असंच स्मारक आहे, त्यावर ९१७ नावं आहेत. पर्यटक मुख्य स्मशानभूमी पाहून निघून जातात. ही नावं वाचायला आपल्यापैकी कुणी जायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

मणिपूरला जायला आता परराज्यातल्या भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागतं. मे २०२३पासूनच्या हिंसाचारानं तिथली माणसं पुन्हा होरपळली आहेत, म्हणून आधी परिस्थितीची खात्री करून घ्या, डोंगराळ भागाची तर नक्कीच. आणि जाल तेव्हा मोइरांगसाठी जेवढा वेळ काढाल, तेवढाच दहनस्मारकासाठीही राखून ठेवा.