तारा कुठे नेतो?

प्रकटीकरणाचा सण (मत्तय २:१-१२)



इटलीतील पादुआ शहरात जोत्तो या चित्रकाराने सुमारे १३०५ साली एक चॅपेल रंगवले. छत गर्द निळे, त्यावर सोनेरी तारे. हे स्वर्गाचे प्रतीक. भिंतीवर तीन राजांच्या भेटीचे चित्र आहे. त्यातला तारा शेपटीच्या धूमकेतूसारखा आहे. १३०१ साली दिसलेला हॅलेचा धूमकेतू चित्रकाराने पाहिला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पण त्या ताऱ्याखाली राजवाडा नाही, साधे छप्पर आहे. आणि वृद्ध राजा मुकुट उतरवून बाळ येशूपुढे गुडघे टेकतो आहे.

मोहोळच्या शिवारात रात्री दारे धरायला जाणाऱ्यांना ठाऊक आहे की, ताऱ्याने रात्र संपत नाही, पण दिशा कळते. कर्ज, आजारपण, कामासाठी दूर गेलेला मुलगा... देव ही रात्र लगेच संपवीलच असे नाही. पण रात्रीत तो आपल्याला एकटे सोडत नाही.

नाताळात दारावर लावलेला तारा आता आपण उतरवू. त्याआधी, सणाला ज्या घरी कोणी गेले नाही, तिथे मानपान विसरून जाऊ या. तारा राजांना अशाच घरी घेऊन गेला होता. आमेन.