स्टेअरिंगला हात न लावणारा कर्ता

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या ऊलिटिक या छोट्या गावाचे कार्ल किन्सर. स्प्रिंट कारचे मालक तेच आणि मेकॅनिकही तेच. गाडी चालवायचा नात्यातलाच स्टीव्ह. ‘वर्ल्ड ऑफ आउटलॉज’ ही स्प्रिंट कार शर्यतींची मालिका 1978 साली सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद स्टीव्हने पटकावलं. 1994पर्यंत ती 14 झाली, बहुतेक कार्लच्या गाडीतून.

मग जिंकलं कोण?

गीतेचा अठरावा अध्याय कर्म घडण्याची पाच कारणं सांगतो: अधिष्ठान (आधार), कर्ता, करणं (साधनं), चेष्टा (हालचाली) आणि दैव. शिवाय, या पाचांत केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असंही बजावतो. मातीच्या ट्रॅकवर ही पाचही कारणं उघडी दिसतात. स्प्रिंट कार म्हणजे मिथेनॉलवर चालणारं सुमारे 900 अश्वशक्तीचं इंजिन, ड्रायव्हरसकट वजन जेमतेम साडेसहाशे किलो, डोक्यावर भलामोठा पंख. स्टार्टर नाही, क्लच नाही. दुसऱ्या वाहनाने ढकलल्याशिवाय हे धूड सुरूच होत नाही. सगळी वळणं डावीकडे, म्हणून मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं. संध्याकाळची ओलसर माती रात्री अंतिम शर्यतीपर्यंत सुकून गुळगुळीत होते. टायर, टॉर्शन बार, पंखाचा कोन हे सारं मेकॅनिकला ठरवावं लागतं ते पुढे माती कशी होईल याच्या अंदाजाने. हिरवा झेंडा फडकला की त्याच्या हातात काहीच उरत नाही.

अशा माणसाला फळाची आसक्ती सोडणं त्यातल्या त्यात सोपं जावं. फळ तसंही दुसऱ्याच्या हाती गेलेलं असतं. पण नट ढिला राहिला तर? तेव्हा दैवाकडे बोट दाखवून त्याची सुटका नाही, आणि नसावीही. गीता एकट्याच्या कर्तेपणाचा अहंकार काढून घेते. वाट्याची जबाबदारी काढून घेत नाही.

हा वाटा मोजायची संधी काळाने दिली होती. 1995मध्ये स्टीव्ह नॅस्कारच्या शर्यतींकडे वळला. पुढे कार्लच्याच गाडीतून त्यांचा मुलगा मार्क 1996 आणि 1999चा विजेता ठरला. म्हणजे श्रेय गॅरेजचं? तर स्टीव्हनेही परतून, कार्लशिवाय, आणखी 6 विजेतेपदं मिळवली. वजाबाकी काही जमत नाही.

आयोवातल्या नॉक्सव्हिलच्या स्प्रिंट कार हॉल ऑफ फेमने हा प्रश्न व्यवहारी पद्धतीने सोडवलाय. तिथे ड्रायव्हरांबरोबर मालक, मेकॅनिक आणि शर्यती भरवणारेही निवडले जातात. दैवाचा नंबर तेवढा अजून लागलेला नाही.