वरचे आणि खालचे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषीचे सोडून देऊ. नदीचे मूळ मात्र आता शोधावेच लागेल. नव्हे, मूळ आणि मुख ही दोन्ही एकदम डोळ्यांसमोर धरावी लागतील. नदीला आज जडलेली पुष्कळशी दुखणी मुखाकडे पाठ फिरवल्यामुळे जडलेली आहेत.

कलघटगीचेच पाहा. धारवाडच्या दक्षिणेला सोमेश्वराच्या देवळाजवळ शाल्मला उगम पावते. दुसरा प्रवाह हुबळीकडून येतो. कलघटगीच्या परिसरात दोन्ही एक होतात आणि बेडती या नावाने यल्लापूरच्या रानात शिरतात. मागोडला सुमारे 200 मीटर खाली झेप घेऊन ही नदी पुढे अंकोल्याकडे गंगावळी होते आणि समुद्राला मिळते. प्रवास जेमतेम दीडशे किलोमीटरांचा, पण नावे तीन. कानडीत वर ती ‘हळ्ळ’, म्हणजे आपला ओढा. खाली गेली की ‘होळे’, म्हणजे नदी. नाव बदलले की नातेही बदलते. ओढ्यात टाकलेली घाण नदीत टाकली असे कुणाला वाटत नाही आणि खाडीत पोचली हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

कलघटगी या प्रवासाच्या वाटेवर आहे. हुबळी-धारवाडने सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तर नाक दाबण्याची पाळी कलघटगीवर येईल, आणि कलघटगीने तेच केले तर गंगावळीच्या मुखाशी जाळे टाकणाऱ्यावर. नदीकाठचा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी खालचा असतो आणि कुणाच्या तरी वरचा. तक्रार करताना आपल्याला आपले खालचेपण आठवते. घाण सोडताना वरचेपण मात्र आठवत नाही. नदीच्या सगळ्या नीतिशास्त्राचे मर्म इथे आहे.

शेजाऱ्याशी आपण नीट वागतो, कारण सकाळी त्याचे तोंड पाहायचे असते. खाडीवरच्या कोळ्याचे तोंड मात्र कलघटगीकराला जन्मात दिसणार नाही. मग त्याच्याविषयी माझे कर्तव्य काय? आणि खरी अडचण पुढेच आहे. पाणी शुद्ध करण्याचा खर्च वरच्याने करायचा आणि मासळी खालच्याला मिळायची, हा कुठला न्याय? कोरडवाहू तालुक्यातल्या माणसाने असे विचारले तर त्याला स्वार्थी म्हणून हिणवता येणार नाही.

याच जागी सरकार लागते. मूळ आणि मुख दोन्ही ज्याच्या हद्दीत येतात असा तोच एक आहे. खालच्यांचे हित आणि वरच्यांचा खर्च यांचा मेळ सार्वजनिक तिजोरीतूनच बसू शकतो. म्हणून नदीरक्षणाला मिळणारे सरकारी साहाय्य म्हणजे दान नव्हे. खालच्यांनी वरच्यांचे देणे फेडण्याची ती एक रीत आहे.

परंतु देणारा हात स्वच्छ हवा. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली बियास नदीच्या प्रकरणात सांगितले की, नद्यांसारख्या संपत्तीचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. हे सांगावे लागले, यातच सगळे आले. याच बेडतीवर जलविद्युत धरण बांधायचे ठरले होते. जानेवारी 1981 मध्ये शिरसीला शेतकरी आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले, आणि पुढे ती योजना बारगळली. बेडतीचे पाणी वरदेकडे वळवण्याच्या योजनेला 2022 साली त्या भागात पुन्हा विरोध झाला. एका खात्याने नदी राखायची आणि दुसऱ्याने तिचा प्रवाह वळवायचा! आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती हीच.

इथे सोपा न्याय नाही, हेही कबूल केले पाहिजे. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही. म्हादई तंट्यात लवादाने 2018 साली कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 अब्ज घनफूट पाणी दिले. मलप्रभेत वळवायचे पाणी त्यांतले 3.9 अब्ज घनफूट. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचा माणूस या आकड्यांकडे एका नजरेने पाहील, पणजीचा दुसऱ्या. पण आकडे नदीची वाटणी करतात. नदी राखण्याचे काम त्यांनी होत नाही.

मग पैशाने होते का? त्याचे उत्तर मांडवीच्या खालच्या अंगाला, गोव्याच्या खाजण शेतांत आहे. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध आणि भरती-ओहोटीचे पाणी हिशेबाने आत-बाहेर सोडणारी मानस ही झडप गावकरी संस्था शतकानुशतके सांभाळत आल्या. 1964 च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याची झाली. ते न्यायाचेच होते. बांधांची जबाबदारी पुढे कुळांच्या संघांवर आली आणि दुरुस्तीला सरकारची मदत मिळू लागली. तरी ठिकठिकाणी बांध फुटले, शेतात खारे पाणी शिरले आणि पिकत्या जमिनी पडीक झाल्या. रात्री भरतीच्या वेळी बांधावर उभे राहणारे माणूस कुठल्याच अनुदानातून विकत घेता येत नाही.

राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेचा, जी 1995 साली सुरू झाली, धडाही फारसा वेगळा नाही. केंद्र-राज्याच्या पैशातून शुद्धीकरण केंद्र उभे राहते. ते रोज चालवण्याचे काम मात्र राज्याच्या आणि नगरपालिकेच्या गळ्यात. कोनशिलेच्या दिवशी गर्दी होते. विजेचे बिल भरायच्या दिवशी कुणी नसते.

उलट उदाहरणही जवळच आहे. गंगावळीच्या शेजारची अघनाशिनी मोठ्या धरणावाचून समुद्रापर्यंत वाहते आणि तिचे नदीमुख 2024 साली रामसर यादीत आले. सन्मान मुखाचा झाला, पण तो वरच्या रानामुळे आणि अडवल्या न गेलेल्या पाण्यामुळे. त्याचे श्रेय आणि त्याचा लाभ या दोन्हींत घाटावरच्या माणसाचा वाटा हवा.

तेव्हा सरकारकडे मागायचे तर दोन गोष्टी मागाव्यात. खालच्यांसाठी वरच्यांनी जो संयम पाळायचा, त्याचे मोल वरच्यांना रोख मिळावे. आणि मदत इमारतीपुरती नसावी, ती सांभाळणाऱ्या माणसापर्यंत पोचावी. एवढे मागितल्यावर एक गोष्ट आपल्याकडे उरते. विश्वस्त झोपला तर त्याला जागे करण्याचे काम ज्यांचा ठेवा आहे त्यांचेच असते.

कलघटगीचे रंगीत लाकडी पाळणे प्रसिद्ध आहेत. असा पाळणा घडवणारा कारागीर त्यात पुढे कोण निजेल हे जाणत नाही, तरी कोपरे घासून गुळगुळीत करतो. न पाहिलेल्या माणसाविषयीचे कर्तव्य म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही. तेच कर्तव्य पाळणा बनवणाऱ्या या गावाने शेजारून वाहणाऱ्या ओढ्याला लावले, तर दूर खालची खाडी त्याची साक्ष देईल.