आधी गोळ्या, मग पुढचे : ही रीत येथे लागू पडते काय?

आपल्या लोकांत एक जुनी रीत आहे. दुखणे आले की आधी घरातला काढा, मग ओळखीच्या डॉक्टरची गोळी, आणि इस्पितळ अगदी शेवटी. कोकणातल्या आपल्या गावांपासून इस्पितळ लांब होते, तेव्हा ही रीत गरजेपोटी आली. पुढे मुंबईत, आणि मुंबईहून लोद, रामले, दिमोनाला आल्यावरही ती सुटली नाही. उलट तिला सद्‌गुणाचे रूप आले. थोडक्यात भागवणे म्हणजे शहाणपण, मोठ्या उपायाला हात घालणे म्हणजे उतावळेपणा, असे आपण मुलांनाही शिकवले. ताप, खोकला, गुडघेदुखी यांच्या बाबतीत आम्ही या रीतीच्या विरुद्ध मुळीच नाही. जन्म इस्पितळात काढल्यावर आमचे तर मत असे झाले आहे की निम्मी औषधे न घेतलेलीच बरी. परंतु एक ठिकाण असे आहे की तेथे हीच रीत माणसाला दगा देते.

लग्न उशिरा झालेले, वय अडतीस-एकोणचाळीस, मूल होत नाही. पुढे दोन वाटा आहेत : बीज तयार करणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन दिवस जाण्याची वाट पाहणे, नाही तर थेट आय.व्ही.एफ., म्हणजे ज्याला आपण पूर्वी टेस्ट ट्यूब बेबी म्हणत असू, तो उपचार. घरातली वडील माणसे हमखास म्हणतात, "अगं, आधी गोळ्या घे. नाहीच झाले तर मग ते मोठे बघू." ऐकायला हे किती समंजस वाटते! आमचा प्रश्न असा, की हा संयम खरोखर संयम आहे काय? आणि त्याची किंमत कोण मोजते?

याचे उत्तर देण्याआधी या गोळ्या काय करतात व काय करत नाहीत ते पाहिले पाहिजे. क्लोमिफीन हे त्यांतले जुने नाव. १९६७ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस ती घ्यायची. शरीरात स्त्री-संप्रेरक कमी पडले आहे असे ती मेंदूला भासवते, म्हणून मेंदू बीजकोशाला जास्त जोराने हाक मारतो आणि एखादे-दोन बीज पिकते. आजकाल लेट्रोझोलही देतात. इंजेक्शनांची कथा तर आपल्या या देशाशी जोडलेली आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीतून हे संप्रेरक काढण्यासाठी इटलीतल्या मठांतून वयस्क जोगिणींची लघवी गोळा करीत. तिच्यापासून बनवलेल्या पर्गोनल या औषधाचे पहिले मूल १९६२ साली इस्रायलमध्ये जन्मले, डॉ. ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या उपचाराने. त्याच कॅथलिक धर्मपीठाने पुढे १९८७ साली आय.व्ही.एफ.ला निषिद्ध ठरवले. देवाची योजना कोणाच्या हातून कोठे जाते, हे सांगणे कठीण!

पण या कोणत्याही औषधाने बीज तरुण होत नाही, हे लक्षात ठेवावे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या पोटात दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि सदतिसाव्या वर्षाच्या आसपास उतार तीव्र होतो. शिवाय उरलेल्यांत सदोष बीजांचे प्रमाण वाढते. म्हणूनच पस्तिसाव्या वर्षी डाऊन्स या व्यंगाचे मूल होण्याचा धोका साडेतीनशेत एक असतो, तो चाळिशीत शंभरांत एक होतो. म्हणूनच चाळिशीच्या सुमारास राहिलेल्या गर्भांपैकी सुमारे एक तृतीयांश पडतात. गोळी असल्या बीजांना हाक मारते, इतकेच.

यावर २०१४ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. कारण न सापडलेल्या वंध्यत्वाची १५४ जोडपी, बायकांची वये ३८ ते ४२. चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे तीन गट केले. एकाला गोळ्या, दुसऱ्याला इंजेक्शने (दोन्हींत नवऱ्याचे बीज धुऊन गर्भपिशवीत सोडले), आणि तिसऱ्याला सरळ आय.व्ही.एफ. दोन खेपांनंतर गोळ्यांच्या गटात शंभरांत सुमारे २२ जणींना दिवस गेले, इंजेक्शनांच्या गटात १७, आणि आय.व्ही.एफ.च्या गटात ४९. ज्यांना पहिल्या दोन गटांत यश आले नाही त्याही मग आय.व्ही.एफ.कडे वळल्या, शेवटी उपचाराने जी मुले जन्मली, त्यांतली शंभरांत ८४ आय.व्ही.एफ.चीच होती. म्हणजे फार जणींना शेवटी त्याच दारी जावे लागले. फक्त काही महिने उशिरा.

ते "काही महिने" हाच आमच्या मते नीतीचा मुद्दा आहे. गोळ्यांच्या तीन-चार खेपा, मध्ये एखादी पाळी चुकल्याची आशा, मग सणवार, मग सासऱ्यांचे आजारपण, मग डॉक्टरांची तारीख, असे करता करता वर्ष जाते. पंचविशीत गेलेले वर्ष आणि एकोणचाळिशीत गेलेले वर्ष यांचे वजन सारखे नाही. सौम्य उपायात सुई कमी टोचते हे खरे. पण जो वेळ जातो तो परत मिळणारा नाही, आणि तो सल्ला देणाऱ्यांचा जात नाही, तिचा जातो. ज्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, त्याला आपला संयम कसे म्हणता येईल?

याचा अर्थ गोळ्या टाकाऊ आहेत असा कोणी करू नये. जिची पाळीच अनियमित आहे, बीज वेळेवर सुटत नाही, नळ्या मोकळ्या आहेत आणि नवऱ्याचा तपास चांगला आला आहे, तिला तीन महिने गोळ्या देऊन पाहणे अडतिसाव्या वर्षीही रास्त आहे. नळ्या बंद असतील किंवा दोष नवऱ्याकडे मोठा असेल, तर गोळ्यांत महिना घालवणेही व्यर्थ. म्हणून पस्तिशीनंतर सहा महिने दिवस न राहिल्यास दोघांचीही तपासणी करावी. 'दोघांचीही' हा शब्द आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. बायकोला तपासण्यांच्या चार फेऱ्या झाल्या तरी नवरा एक बाटली घेऊन प्रयोगशाळेत जात नाही, अशी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि ती सगळी काही जुन्या काळातली नाहीत.

आता नाण्याची दुसरी बाजू. आमच्या तरुणपणी आय.व्ही.एफ. ही नवलाई होती : १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये पहिली मुलगी, त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या हातची दुर्गा, १९८२ साली तेल हशोमेर येथे इस्रायलचे पहिले बाळ, आणि १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा. आज या देशात पंचेचाळीस वर्षे वयापर्यंत, दोन मुले होईतो, हा उपचार सरकारी विम्यातून मिळतो. दुसरीचे बीज घेतल्यास चौपन्न वर्षांपर्यंत. मुंबईत वा लंडनमध्ये ज्या उपचारासाठी लोक दागिने मोडतात, तो येथे कुपात होलीमच्या कागदावर मिळतो. याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण फुकट मिळते म्हटले की लोकांचे बोलणे बदलते. "सरकार देते आहे, मग ती घेत का नाही?" हा प्रश्न आम्ही लग्नाच्या मांडवात, शब्बाथच्या जेवणात, तिच्या देखत विचारलेला ऐकला आहे.

जे फुकट मिळते त्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो? रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन, दहा-बारा दिवस. दर दोन-तीन दिवसांनी पहाटे रक्त आणि सोनोग्राफी, मग धावत कामावर. बीज काढताना भूल. मग बाहेर वाढवलेला गर्भ आत सोडून दोन आठवडे वाट पाहणे. अडतीस ते चाळीस या वयात एका खेपेला जिवंत मूल हाती येण्याची शक्यता साधारण चारांत एक. बेचाळिशीनंतर ती फारच थोडी उरते. बाकीच्या खेपा रिकाम्या जातात, आणि कोणत्याही नोंदवहीत त्यांचे दुःख लिहिले जात नाही.

येथे धर्माचे नाव घेतात, म्हणून धर्म काय म्हणतो तेही पाहू. फलद्रूप होण्याची आज्ञा सर्वांना पाठ आहे. परंतु मिश्नाच्या यवामोथ प्रकरणात ती आज्ञा पुरुषावर ठेवली आहे, स्त्रीवर नाही. एका रब्बीने वेगळे मत दिले, तरी चालत आलेला नियम पहिला. द्विन्स्कचे रब्बी मेइर सिम्हा यांनी त्याचे कारण मोठे सुंदर दिले : बाळंतपणात यातना आहेत, जिवाला धोका आहे, आणि तोरा कोणावर असा भार आज्ञा म्हणून लादत नाही. तेव्हा अडतिशीची जी स्त्री म्हणते, "आम्ही तीन महिने गोळ्या घेऊ आणि थांबू," ती कोणत्याही आज्ञेचा भंग करीत नाही. आणि जी म्हणते, "मला मूल हवेच, एक महिनाही घालवायचा नाही," तिला उतावळी म्हणण्याचाही कोणाला अधिकार नाही. हन्नाचे रडणे पाहून एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली होती. बायकांच्या या दुःखाकडे पाहताना शहाणी माणसेही कशी चुकतात, हे शास्त्रानेच लिहून ठेवले आहे.

जोडप्याने सुरुवातीलाच एक आकडा ठरवावा, असे आम्ही विचारणाऱ्यांना सांगतो. किती खेपा? तीन, चार, पाच, जे झेपेल ते. सरकार लवकर "थांबा" म्हणणार नाही, डॉक्टर क्वचितच म्हणतात, आणि प्रत्येक फसलेल्या खेपेनंतर पुढची खेप जवळची वाटते. आकडा आधी ठरलेला असला तर थांबताना कोणी कोणाला सोडले असे होत नाही. तो पुढे बदलावा लागला तर बदलावा, पण दोघांनी बसून, सासूबाईंच्या फोननंतर नव्हे.

आणि सासूबाईंना, मावश्यांना, आत्यांना आमची एक विनंती. एलियाहू हानाबीचा मलिदा जरूर बोला. ती आपली जुनी वाट आहे आणि तिने पुष्कळांना धीर दिला आहे. मात्र बोललेला नवस तिच्या कानावर घालू नका. खेप फसली त्या आठवड्यात तिला घरी जेवायला बोलवा, मासळीचे आंबट करा, नव्या शेजाऱ्यांबद्दल बोला, आणि "पुढची तारीख कधी?" हे विचारू नका. सांगायचे असेल तर ती स्वतः सांगेल, बहुधा भांडी घासताना.