एका थेंबाची वीस मिनिटं

पाठ टेकून बसा. चष्मा असेल तर काढून बाजूला ठेवा. घरात कुणी असेल तर त्यांना हे सावकाश वाचायला सांगा. एकटे असाल तर एकेक परिच्छेद वाचा आणि मग डोळे मिटा. पापण्या घट्ट आवळू नका, त्या आपल्या वजनानं खाली येऊ द्या. घड्याळ लावायची गरज नाही. ही बैठक वीस मिनिटांची आहे, आणि वेळ मोजायचं माप डोळ्याच्या आतच आहे.

बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे एक मऊ, चुणीदार कडं असतं. तिथून स्वच्छ पाणी पाझरत राहतं, मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर. ड्रॉप्सच्या बाटलीतून पडणारा एक थेंब पन्नासेक मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे तसा एक थेंब भरायला डोळ्याला वीस मिनिटं लागतात. तो आत्ता भरू लागला आहे.

हे अश्रूंचं पाणी नव्हे. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात. हे पाणी आतलं, कधी कुणाला न दिसणारं. डोळ्याची पुढची काच, म्हणजे पारपटल, आणि आतलं भिंग यांत एकही रक्तवाहिनी नसते. असती तर आरपार दिसलंच नसतं. रक्ताच्या जागी हे पाणी त्यांना पोसतं, आणि मग बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून रक्ताला जाऊन मिळतं. येणं आणि जाणं सारखं राहतं, म्हणून डोळा गोल राहतो. इथे थोडं थांबा. एक श्वास आत येऊ द्या, आणि तेवढाच बाहेर जाऊ द्या.

काचबिंदूत बहुधा जाण्याची वाट अडते. पाणी येतं तेवढंच येत राहतं आणि आतला दाब चढतो. तो दृष्टीच्या नसेला सोसवत नाही. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. बहुतेकांच्या डोळ्यांत ते न दुखता, कडेकडेनं विझत जातात. माझ्या आईचे जात होते तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं, की तिला उंबरठ्याशी ठेच लागते. आम्ही म्हणायचो, आई, सावकाश चाल. ती सावकाशच चालत होती. तिच्या नजरेची खालची कड गेली होती, आणि ते तिलाही माहीत नव्हतं.

ड्रॉप्स झाले, शस्त्रक्रिया करून पाण्याला नवी वाट काढली, ती वाटही जखम भरावी तशी भरून आली. मग डॉक्टरांनी ट्यूब, म्हणजे बारीक नळी, बसवायचं सुचवलं.

डोळ्यातून पाण्याला वाट काढून द्यायची, ही कल्पना जुनी आहे. 1907 साली फ्रान्समध्ये घोड्याचा केस वापरून पाहिला, 1912 मध्ये इंग्लंडात रेशमाचा धागा. पण शरीर परक्या वस्तूभोवती व्रण धरतं, आणि वाटेचं तोंड मिटून जातं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अँथनी मोल्टेनो या दक्षिण आफ्रिकेतल्या नेत्रतज्ज्ञानं नळीच्या टोकाला एक पसरट चकती जोडली. व्रण धरणारच असेल तर धरू दे. चकतीभोवती त्याची पिशवी होईल, आणि त्या पिशवीतच पाणी उतरू दे. मला या विचाराचं फार मोल वाटतं. शरीराशी भांडण सोडून त्यानं शरीरालाच कामाला लावलं.

आपल्याकडच्या माणसाला हे पाझर तलावावरून चटकन समजावं. दुष्काळी गावांनी असे तलाव बांधले ते पाणी अडवून हळूहळू जमिनीत मुरवायला. चकतीभोवतीची पिशवी तसाच तलाव. पाणी तिच्या भिंतीतून मुरतं आणि भोवतालच्या रक्तवाहिन्या ते उचलतात. तलाव जितका पसरट तितकं पाणी जास्त मुरतं. गाळ साचला की मुरणं मंदावतं. तशी पिशवीची भिंत जाड झाली तर दाब पुन्हा चढतो. अहमद व्हॉल्व्हसारख्या काही उपकरणांत झडप असते. दाब ठरावीक पातळीच्या खाली गेला की ती मिटते, डोळा मऊ पडू देत नाही.

आईला बसवली ती बिनझडपेची होती, मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये तयार झालेली. परदेशी उपकरण परवडत नाही अशा रुग्णांसाठी तिथे ती बनते. सिलिकॉनची चकती 350 चौरस मिलिमीटरची. तेवढा चौरस कापला तर त्याची बाजू दोन सेंटिमीटरही भरणार नाही. नळीचं आतलं भोक जेमतेम 0.3 मिलिमीटर.

आता मन उजव्या डोळ्याच्या वरच्या, कानाकडच्या बाजूला न्या. पापणीच्या आत, डोळा फिरवणाऱ्या दोन स्नायूंखाली आपले पंख सरकवून ती चकती बसलेली असते. नळी पुढे येऊन डोळ्यात शिरते. पण ती विरघळणाऱ्या दोऱ्यानं बांधून बंद केलेली असते. भिंत तयार होण्याआधी पाणी सोडलं तर ते धो-धो निघून जाईल आणि डोळा मऊ पडेल. म्हणून पाच-सहा आठवडे वाट पाहायची. ड्रॉप्स चालूच. आई दर भेटीला विचारायची, प्रेशर किती आलं? आकडा ऐकून गप्प बसायची. त्या आठवड्यांत आत काय चाललं होतं ते मनात आणून पाहा: एक दोरा झिजतो आहे, एक भिंत उभी राहते आहे, आणि दोन्हीची गाठ पडायची आहे. मग एके दिवशी, कुणाला न सांगता, दोरा सुटतो.

अजून एक गोष्ट आहे. तिच्यापाशी जास्त वेळ थांबा. पापणी दिवसात हजारो वेळा नळीवरून घासते. वरचा पातळ पापुद्रा झिजला तर नळी उघडी पडेल, जंतूंना दार मिळेल. म्हणून नळीवर बहुधा एक छोटं ठिगळ लावतात, आणि ते पुष्कळदा नेत्रदानातून आलेल्या डोळ्याचं असतं. आईच्या डोळ्यावर तसंच आहे. कुणाच्या तरी घरी रडारड चाललेली असताना, पहिल्या काही तासांतच, कुणीतरी फोन केला असेल. त्या माणसाचं नाव आम्हाला कधी कळणार नाही. आई रोज देवापुढे दिवा लावते तेव्हा क्षणभर उजव्या भुवईला बोट टेकवते. मी कधी कारण विचारलं नाही.

गेलेले तंतू परत आले नाहीत, येतही नाहीत. खालची कड अंधारातच आहे. उरलेलं मात्र उरलं आहे: नातवाचं तोंड, तांदळातले खडे, मोठ्या अक्षरातली पोथी.

एव्हाना थेंब भरला असेल. तुमच्या डोळ्यातून तो जन्मजात वाटेनं गेला, तिच्या डोळ्यातून नळीच्या. आता डोळे उघडा. मान न हलवता समोर बघत राहा आणि नजरेची खालची कड शोधा: गुडघे, फरशी, दार. उंबरठा दिसतो का, पाहा.