राज्याला सदसद्विवेकबुद्धि असते काय?

एखादा कायदा अन्यायाचा आहे असें मनापासून वाटत असतां तो पाळावा कीं मोडावा, या प्रश्नावर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत आम्हीं आणखी भर घालण्याचें कारण नव्हतें. परंतु मोडणारा एकटा मनुष्य नसून एक सबंध राज्य असेल, आणि तें राज्यहि स्वतंत्र नसून एका मोठ्या संघाचा घटक असेल, तर या प्रश्नाचें रूप अगदींच पालटतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा वाद दोनशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे. मध्यवर्ती कायदेमंडळाचा एखादा कायदा राज्यघटनेच्या मर्यादेबाहेरचा आहे असें घटक राज्यास वाटल्यास, आपल्या हद्दीपुरता तो रद्दबातल ठरविण्याचा अधिकार त्या राज्यास असावा काय? तिकडे या अधिकाराला ‘नलिफिकेशन’ असें नांव आहे.

या वादाचा इतिहास चाळतांना एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरते. हा अधिकार कधीं दक्षिणेनें मागितला, कधीं उत्तरेनें; आणि एका पिढींत ज्यांनीं तो मागितला त्यांनींच दुसऱ्या पिढींत तो दुसऱ्यास नाकारला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण आमच्याच घरांपुरती आहे असें समजण्याचें कारण नाहीं. तेव्हां कोणता कायदा आवडता व कोणता नावडता हें क्षणभर बाजूस ठेवून मूळ तत्त्वाचीच परीक्षा करणें प्राप्त आहे.

आरंभ झाला तो उदात्त कारणासाठीं. १७९८ सालीं जॉन ॲडम्स अध्यक्ष असतां, सरकारवर द्वेषमूलक व खोटी टीका करणाऱ्यास तुरुंगांत घालणारा राजद्रोहाचा कायदा काँग्रेसनें केला. असल्या कायद्याची चव काय असते हें टिळकांच्या महाराष्ट्रास सांगावयास नको. व्हर्माँटचा लोकप्रतिनिधि मॅथ्यू लायन याला या कायद्याखालीं तुरुंगवास घडला, आणि तो तुरुंगांत असतांनाच त्याच्या मतदारांनीं त्याला पुन्हा निवडून दिलें. या कायद्याविरुद्ध केंटकी व व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या कायदेमंडळांनीं ठराव केले. पहिल्याचा मसुदा टॉमस जेफर्सनचा, दुसऱ्याचा जेम्स मॅडिसनचा. जेफर्सन त्या वेळीं खुद्द उपाध्यक्ष होता. अर्थात् त्यानें आपलें नांव झांकून ठेविलें. १७९९ च्या केंटकीच्या दुसऱ्या ठरावांत तो प्रसिद्ध शब्द उघडपणें आला. परंतु इतर एकाहि राज्यानें त्यांस साथ दिली नाहीं. उत्तरेकडील कित्येकांनीं तर कायदा घटनेस धरून आहे कीं नाहीं हें ठरविणें न्यायालयांचें काम आहे, असें उलट ऐकविलें. कायदा गेला तो निराळ्याच वाटेनें. १८०० च्या निवडणुकींत ॲडम्स पडला व जेफर्सन निवडून आला. १८०१ च्या मार्चांत कायद्याची मुदत संपली, आणि त्याखालीं शिक्षा झालेल्यांस नव्या अध्यक्षानें माफी दिली.

तीस वर्षांनीं हेंच तत्त्व साउथ कॅरोलिना राज्याच्या हातीं आलें आणि जॉन कॅल्हून या अत्यंत बुद्धिमान मुत्सद्द्यानें त्याला शास्त्राचें रूप दिलें. कॅल्हूनहि त्या वेळीं उपाध्यक्षच होता, व त्यानेंहि १८२८ सालचा आपला निबंध निनांवीच लिहिला. या तत्त्वाचा उपाध्यक्षांशीं व निनांवीपणाशीं कांहीं ऋणानुबंध असावा असें दिसतें! भांडण जकातीचें होतें. उत्तरेकडील कारखान्यांस संरक्षण मिळावें म्हणून काँग्रेसनें परदेशी मालावर जबर जकात बसविली होती. दक्षिणेनें आपला कापूस जगाच्या खुल्या बाजारांत विकावा आणि लागणारा माल मात्र महाग घ्यावा, असा त्याचा परिणाम; तेव्हां तक्रार अगदींच पोकळ होती असें म्हणतां यावयाचें नाहीं. कॅल्हूनचें म्हणणें असें कीं, राज्यघटना हा सार्वभौम राज्यांनीं आपसांत केलेला करार आहे आणि मध्यवर्ती सरकार हा त्या करारान्वयें नेमलेला मुनीम आहे. मुनिमाच्या अधिकाराची मर्यादा मुनिमानेंच ठरवावी, हें कोणता मालक मान्य करील? म्हणून प्रत्येक राज्यास विशेष परिषद भरवून कायदा आपल्यापुरता रद्द करण्याचा हक्क आहे. पुढें तीन-चतुर्थांश राज्यांनीं घटनादुरुस्ती करून तो अधिकार मध्यवर्ती सरकारास स्पष्टपणें दिला तरच तो कायदा पुन्हा जिवंत व्हावा. बहुमताच्या जुलमापासून अल्पसंख्यांचें रक्षण करण्यास याहून दुसरा उपाय नाहीं, असें तो कळकळीनें प्रतिपादी.

हा युक्तिवाद वाचतांना मान डोलावीशी वाटते. परंतु थोडें गणित करून पाहावें. १८३२ सालीं संघांत चोवीस राज्यें होतीं. अठरांची संमति मिळेपर्यंत कायदा मृत. म्हणजे कोणत्याहि सात राज्यांनीं नुसतें स्वस्थ बसून राहावें, कीं उरलेल्या सतरांचें कांहीं चालूं नये. शिवाय जकात सर्व देशभर एकसारखी असावी असें घटनेनेंच सांगितलें आहे. एकट्या चार्ल्सटन बंदरांत ती माफ झाली तर परदेशी मालाचा ओघ तिकडेच वळणार. मग ‘आमच्या हद्दीपुरता’ या शब्दांना अर्थ तो काय राहिला? एकत्र कुटुंबांतील न पटणाऱ्या भावानें वाटणी मागून वेगळी चूल मांडली, तर त्याचें म्हणणें निदान समजतें. परंतु जेवावयास पंक्तीस बसावयाचें, आणि शिधा देण्याची वेळ आली कीं हा नियम माझ्यापुरता रद्द म्हणावयाचें, ही रीत कोणत्याहि घरांत फार दिवस चालत नाहीं.

तथापि याहूनहि मोठी जी अडचण आम्हांस वाटते ती नैतिक आहे. २४ नोव्हेंबर १८३२ रोजीं साउथ कॅरोलिनाच्या परिषदेनें जकातीचे कायदे रद्दबातल ठरविणारा जो हुकूम काढला, तो मुळांतूनच वाचण्यासारखा आहे. राज्याच्या अधिकाऱ्यांनीं हा हुकूम पाळण्याची शपथ घ्यावी, न घेतील त्यांच्या जागा जाव्या. असल्या खटल्यांत बसणाऱ्या ज्यूरींनींहि तीच शपथ घ्यावी. आणि या खटल्यांचें अपील सर्वोच्च न्यायालयाकडे कोणी नेऊं नये. संघाशीं एकनिष्ठ राहूं इच्छिणारा पक्ष त्या राज्यांतहि होता. त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला या व्यवस्थेंत जागा नव्हती. आणि ज्या जनतेच्या नांवानें हें सारें चाललें होतें तिच्यापैकीं निम्म्याहून अधिक माणसें गुलाम होतीं! अल्पसंख्यांच्या रक्षणाची द्वाही फिरविणाऱ्यांनीं आपल्याच घरांतील बहुसंख्यांना मोजलेंसुद्धां नाहीं. राज्य बोलतें तेव्हां राज्यांतील कोण बोलतो, हा प्रश्न कॅल्हूननें विचारला नाहीं, आणि या वादांतील मेख आमच्या मतें नेमकी येथेंच आहे.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. एकाहि राज्यानें साउथ कॅरोलिनाची बाजू घेतली नाहीं. ऐंशीच्या घरांत आलेल्या मॅडिसननेंहि, आपल्या ठरावाचा अर्थ असा नव्हता असें बजावून सांगितलें होतें. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यानें डिसेंबरांत कडक जाहीरनामा काढला. १८३३ च्या मार्चांत सैन्य वापरण्याचा अधिकार देणारा कायदा आणि हेन्री क्लेच्या तडजोडीचा जकात उतरविणारा कायदा असे दोन्ही बरोबरच आले. परिषदेनें आपला हुकूम मागें घेतला, व जातां जातां सैन्याचा कायदा तेवढा रद्दबातल ठरविला! चार्ल्सटनवर गर्जना करणारा हाच जॅक्सन जॉर्जियापुढें मात्र मूग गिळून बसला. चेरोकी लोकांच्या प्रदेशांत जॉर्जियाचे कायदे चालत नाहींत असा सर्वोच्च न्यायालयानें १८३२ सालींच निकाल दिला होता. जॉर्जियानें त्याची उपेक्षा केली, आणि १८३८ सालीं चेरोकी आपल्या भूमींतून हांकलले गेले. त्या प्रवासांत हजारों माणसें मेलीं.

येथवर उत्तर सोपें होतें. खरी कसोटी लागते ती विस्कॉन्सिनमध्यें.

१८५० सालीं काँग्रेसनें पळालेल्या गुलामांस धरून परत देण्याचा कायदा केला. धरलेल्या मनुष्याची साक्ष घ्यावयाची नाहीं, ज्यूरी नाहीं, आणि निवाडा करणाऱ्या कमिशनरास मेहनताना किती, तर मनुष्य मालकाच्या स्वाधीन केल्यास दहा डॉलर व सोडून दिल्यास पांच! न्यायासनासच अशी लांच बांधून देणारा कायदा आमच्या वाचनांत दुसरा नाहीं. १८५४ च्या मार्चांत जोशुआ ग्लोव्हर नांवाच्या, मिसूरींतून पळून आलेल्या मनुष्यास या कायद्याखालीं धरून मिलवॉकीच्या तुरुंगांत ठेविलें. लोकांनीं तुरुंगाचें दार फोडून त्याला बाहेर काढलें, व तो कॅनडांत सुखरूप पोंचला. लोकांस चिथावल्याबद्दल शर्मन बूथ या संपादकास पकडलें, तेव्हां विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयानें तो कायदाच घटनाबाह्य ठरवून त्याला सोडून दिलें. १८५९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें हा निर्णय फिरविला: मध्यवर्ती सरकारच्या कैदेंतील मनुष्यास राज्याचें न्यायालय सोडवूं शकत नाहीं. यावर विस्कॉन्सिनच्या कायदेमंडळानें जो ठराव केला त्याची भाषा केंटकीच्या जुन्या ठरावांतून उचललेली होती.

आमचें मन कोणाकडे आहे हें सांगावयास नको. परंतु मन एकीकडे गेलें म्हणून तत्त्वहि तिकडेच जातें काय? विस्कॉन्सिनला जो अधिकार द्यावा तो साउथ कॅरोलिनालाहि दिलाच पाहिजे. राज्यांची नीति तपासून अधिकार वांटणारा तिसरा न्यायाधीश आणावयाचा कोठून? १८६० च्या डिसेंबरांत साउथ कॅरोलिना संघांतून फुटून निघाली, तेव्हां उत्तरेकडील राज्यांनीं काँग्रेसचे कायदे निष्फळ केले, ही तक्रार तिनें आपल्या जाहीरनाम्यांत नोंदविली, आणि त्या राज्यांच्या यादींत विस्कॉन्सिनचें नांव होतें. ज्या राज्यानें अठ्ठावीस वर्षांपूर्वीं हें शस्त्र पाजळलें त्यालाच आतां त्याची धार असह्य झाली.

मग राज्यानें निमूटपणें सर्व सोसावें काय? असें आम्ही म्हणत नाहीं. १८४२ सालींच सर्वोच्च न्यायालयानें असें सुचविलें होतें कीं, गुलाम धरून देण्याच्या कामीं राज्यांनीं आपले अधिकारी दिलेच पाहिजेत असें नाहीं. पुढच्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्सनें आपले अधिकारी व तुरुंग या कामास देण्याची मनाई केली. १९९७ सालीं पिस्तुल घेणाऱ्यांची चौकशी करण्याचें काम मध्यवर्ती कायद्यानें स्थानिक पोलिसांवर लादलें होतें, तें याच तत्त्वानें रद्द झालें. कॅलिफोर्नियानें १९९६ सालीं औषधी गांजास मोकळीक दिली; २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मध्यवर्ती बंदी तेथेंहि लागू आहे असें ठरविलें, पण ती बजावण्यासाठीं राज्याचे शिपाई मिळाले नाहींत. येथें कायदा रद्द होत नाहीं. ज्याचा कायदा त्यानें आपल्या माणसांनीं व आपल्या पैशानें, लोकांच्या डोळ्यांदेखत तो बजावावा, इतकेंच. उलट मिसूरीनें २०२१ सालीं बंदुकांसंबंधींचे कांहीं मध्यवर्ती कायदे आपल्या हद्दींत अवैध आहेत असें जाहीर केलें. तें मध्यवर्ती अपील न्यायालयानें २०२४ सालीं घटनाविरुद्ध ठरविलें, आणि आमच्या मतें योग्यच केलें. अर्थात् हात काढून घेणें हें नेहमींच निष्पाप असतें असें नाहीं. जमाव एखाद्या निग्रो मनुष्यास झाडाला टांगीत असतां पाठ फिरविणाऱ्या शेरीफानेंहि हातच काढून घेतलेला असे.

एकट्या मनुष्याची गोष्ट निराळी. थोरोनें कर नाकारला व १८४६ सालीं एक रात्र तुरुंगांत काढली. गांधीजींनीं त्या निबंधाचा आदरानें उल्लेख केला आणि स्वतः वर्षानुवर्षें तुरुंग सोसला. बूथलाहि कोठडी चुकली नाहीं. कायदा मोडणारा त्याचें प्रायश्चित्त आपल्या देहानें घेतो, म्हणून त्याच्या शब्दास वजन येतें. राज्याला देह नाहीं. त्याला तुरुंगांत बसतां येत नाहीं. तें कायदा मोडतें तेव्हां त्याची किंमत राज्यांतील कोणी तरी दुसराच देतो, आणि बहुधा ज्याला विचारलेलें नसतें तोच देतो.

यावर एक आक्षेप उरतो, व तो लहान नाहीं. अखेरचा शब्द ज्या न्यायालयाकडे सोंपवावयाचा तें तरी शुद्ध होतें काय? बूथविरुद्धचा १८५९ चा निकाल लिहिणारा मुख्य न्यायाधीश टॉनी हा तोच, ज्यानें दोनच वर्षांपूर्वीं ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत, निग्रो मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊंच शकत नाहीं असा निकाल लिहिला होता. हा डाग पुसण्याचें सामर्थ्य कोणत्याहि युक्तिवादांत नाहीं. मात्र त्या निकालाची पुढील गति पाहावी. १९५७ सालीं आर्कन्सॉच्या गव्हर्नरानें लिटल रॉक येथें नऊ निग्रो मुलांस शाळेंत जाऊं न देण्यासाठीं सशस्त्र शिपाई उभे केले, तेव्हां अध्यक्ष आयझेनहॉवर यांस सैन्य पाठवून त्या मुलांना वर्गांत पोंचवावें लागलें. पुढच्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊहि न्यायाधीशांनीं आपापल्या नांवानें एक निकाल दिला, कीं राज्यास हा अडथळा करण्याचा अधिकार नाहीं. आणि त्या निकालांत आधारासाठीं त्यांनीं जीं जुनीं वचनें घेतलीं, त्यांत बूथच्या खटल्यांतील टॉनीचें एक वचन होतें.